वाचक विचारतात: झाडाखाली बसलो, पुढे काय?

मागच्या अंकात मी एवढंच सुचवलं होतं की रोज दहा मिनिटं एकाच झाडाकडे बघायचं, रोज तेच झाड, आणि मग वहीत तीन ओळी लिहायच्या. अट एकच, त्या तीन ओळींत "जणू", "सारखं", "प्रमाणे" हे शब्द आणायचे नाहीत. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही मेल आहेत, काही हाताने लिहिलेली आहेत, एकात तर चक्क वहीची पानं फाडून पाठवलीत. नावं कुणाचीच छापत नाही. आणि एक आधीच सांगते, मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, अध्यात्म नाही. त्यामुळे मला गुरू-बिरू समजून काही विचारू नका, जे बघितलंय आणि जे शिकवलंय त्यातूनच बोलते.

प्रश्न: ताई, मी ४४ वर्षांचा, आयटीत आहे. तुमचं वाचून ऑफिसच्या पार्किंगमधल्या गुलमोहराखाली बसायला लागलो, अकरा दिवस झाले. काहीही होत नाही. डोक्यात तेच चालू, मेल, डेडलाइन, मुलाची अ‍ॅडमिशन. आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच तीन ओळी येतायत, झाड हिरवं आहे, वारा आहे, मुंग्या आहेत. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का? की मी या लाइनचा माणूसच नाही?

उत्तर: प्रॉब्लेम तुमच्यात नाही हो, "झाड हिरवं आहे" या वाक्यात आहे. हे वाक्य तुम्ही ऑफिसात बसूनही लिहू शकला असतात, त्यासाठी खाली उतरायची गरजच नव्हती. म्हणजे तुम्ही अकरा दिवस झाडाकडे बघितलंच नाहीत, झाडाबद्दल जे आधीच माहीत होतं ते आठवलंत.

आता फुलं आली की एक करा. खाली पडलेलं एक फूल उचला आणि पाकळ्या मोजा. पाच असतील, त्यातल्या चार लाल आणि पसरलेल्या. पाचवी वेगळी असते. ती उभी राहते, जरा मोठी असते, आणि तिच्यावर पांढरट-पिवळा रंग आणि लाल ठिपके. मी वर्गात दरवर्षी विचारायचे, हात वर करा ही पाचवी पाकळी कुणी कुणी बघितलीय. जन्मभर गुलमोहराखालून जा-ये केलेली मुलं, आणि हात वर होणारे दोन किंवा तीन. बरं, मला तरी ती कॉलेजात बाईंनी दाखवली म्हणून दिसली, आपोआप दिसली नव्हती.

तर डोळ्यांना काम द्या. आज फक्त एका फांदीचं टोक. उद्या खोडावरचा हाताच्या पंजाएवढा चौकोन, तेवढाच.

आणि मेल आठवतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९८९ मध्ये मांडलं होतं की जोर लावून जे लक्ष आपण कामात घालतो ते थकतं, स्नायू थकतात तसं, आणि पानं हलणं, उजेड बदलणं असल्या गोष्टी लक्ष हलकेच धरून ठेवतात, दामटून नाही, त्यामुळे त्या थकलेल्या भागाला सुटी मिळते. म्हणजे मन इकडेतिकडे जायला मोकळीक आहे इथे. तुम्हाला आकडे आवडत असतील तर तेही देते. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये "सायन्स"मध्ये एक अभ्यास छापला, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. त्यातला कोण या लाइनचा माणूस होता हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांना फक्त खिडकी मिळाली होती.

तरी वहीत एक भर घाला. मेल आठवला की समासात "मेल" एवढंच लिहा. अ‍ॅडमिशन आठवली की "अ‍ॅडमिशन". महिनाभराने फक्त समास वाचून काढा. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचं चित्र आहे, एक फळं खातो, दुसरा खात नाही, नुसता बघत असतो. तुमचा पहिला पक्षी फुल टाइम कामावर आहे आणि दुसऱ्याला अजून जॉइनिंग लेटरच मिळालेलं नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम.

प्रश्न: मी ३६ वर्षांची, लग्नाला बारा वर्षं झाली, नोकरी करते. घरात काही कुरकुर केली की कुणी ना कुणी म्हणतं, झाड बघ, स्वतः उन्हात उभं राहतं आणि दुसऱ्याला सावली देतं. तुमचा लेख वाचून उत्साहाने झाडाकडे बघायला गेले आणि ताई, खरं सांगते, मला राग आला. त्या झाडाचाच. पाच मिनिटांत उठून आले. हे कुठल्या प्रकारचं अध्यात्म म्हणायचं?

उत्तर: या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं पत्र. राग आला हे पहिल्याच दिवशी कळलं तुम्हाला, लोकांना वर्षं लागतात.

आता झाडाची बाजू. त्या बिचाऱ्याने असं काहीही म्हटलेलं नाही. सावली झाड "देत" नाही. सावली म्हणजे झाडाने आधी वर घेऊन टाकलेला उजेड, जो खाली पोचलाच नाही. त्याची सगळी मांडणी घेण्यासाठी असते, पानं अशी लागतात की उजेडाचा तुकडा वाया जाऊ नये, आणि खालची एखादी फांदी इतकी अंधारात गेली की स्वतःपुरतंही कमवेना, तर झाड तिला पोसत बसत नाही, ती वाळते आणि पडते. जाऊन बघा, दाट झाडाच्या आत खालच्या बाजूला असल्या वाळक्या काटक्या हमखास सापडतील. फळात गर असतो तो कुणाच्या भुकेची दया येऊन नाही, बी कुणीतरी उचलून लांब न्यावी म्हणून. त्या घेण्यातून आपल्याला गारवा मिळतो, पक्ष्याला घर मिळतं, हे छानच आहे, पण ते झाड भरपूर घेतंय म्हणून मिळतं. घेणं थांबलेल्या झाडाची सावली बघितलीय का कधी? फांद्यांची जाळी पडते नुसती जमिनीवर.

आणि ते "एका जागी पाय रोवून सहन करणं". अहो त्याला पाय नाहीत. जे हलवता येतं ते सगळं ते हलवतं. मुळं ओल असेल तिकडे वाढतात. खोड कललं तर कलत्या खोडाच्या वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचं, ओढ धरणारं लाकूड तयार करून ते स्वतःला हळूहळू सरळ खेचतं (सूचिपर्णी झाडं उलट करतात, खालून रेटतात). आणि पोरांना तर कुणीच बुंध्याशी धरून ठेवत नाही, काटेसावर बघा, बिया कापसात घालून वाऱ्यावर सोडून देते.

तुमच्या वहीत तीन ओळींच्या खाली एक चौथी ओळ, फक्त तुमच्यासाठी: आज मी काय घेतलं? झोप, वेळ, कुणाकडून मदत, काहीही. ती ओळ आठवडाभर रिकामी राहिली तर ती रिकामी वही त्या सावलीवाल्यांसमोर ठेवा. आणि घरात कुरकुरीच्या पलीकडचं काही चालू असेल, भीती वाटेल असं, तर झाड राहू दे बाजूला, विश्वासाच्या माणसाशी आधी बोला.

प्रश्न: कुठलं झाड जास्त सात्त्विक? पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो म्हणतात, मग रात्री त्याच्याखाली ध्यान केलं तर फायदा जास्त होईल का?

उत्तर: नाही हो. ऑक्सिजन बनायला उजेड लागतो, पिंपळालाही. अंधारात तोही तुमच्या-माझ्याप्रमाणे श्वासच घेतो. झाड जे रोजच्या वाटेवर असेल ते घ्या, म्हणजे कंटाळा आला तरी टळणार नाही. पिंपळच वाटेवर असेल तर उत्तम, पान लांब देठावर लोंबतं म्हणून वारा पडलेला असतानाही एखादं हलत असतं आणि बघायला काहीतरी मिळतं.

पिंपळावरून आठवलं म्हणून, बोधगयेची परंपरा सांगते की ज्ञान झाल्यावर बुद्ध दुसरा आठवडाभर त्या झाडाकडे पापणी न लवता बघत उभे होते, आणि त्या जागेचं नावच अनिमेषलोचन आहे. मला त्यातला क्रम फार आवडतो. झाल्यावर बघितलं. तोवर त्या झाडाकडून मिळवायचं काही उरलं नव्हतं.

प्रश्न: झाडाला मिठी मारल्याने खरंच एनर्जी मिळते का?

उत्तर: आधी मुंग्या बघा, मग मारा. मी मारते कधीकधी. एनर्जीचं माहीत नाही, शर्टाला डाग पडतात आणि बरं वाटतं.

प्रश्न: ताई, वय ५८. अडीच वर्षांपूर्वी हे गेले. त्याच सुमाराला आमच्या खिडकीसमोरच्या कडुलिंबाची मोठी फांदी तोडली, वायरला लागत होती म्हणून. सगळे म्हणतात काळ हेच औषध, जखम भरून येते. मी रोज त्या तोडलेल्या जागेकडेच बघते, वेगळं झाड शोधायची गरज पडली नाही. अडीच वर्षं झाली, ती जागा अजून तशीच दिसते. भरत का नाही? झाडाची विचारतेय की माझी, ते तुम्हीच ठरवा.

उत्तर: तुमचं पत्र चार दिवस टेबलावर होतं. आधी झाडाचं सांगते, कारण ते मला येतं.

झाडाची जखम भरत नाही. दोन महिन्यांत नाही, दहा वर्षांत नाही, कधीच नाही. आपली कातडी फाटली तर त्याच जागी नवीन पेशी येतात, तशी सोय झाडाला नाही. अ‍ॅलेक्स शिगो नावाचे अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ होते, त्यांनी चेनसॉ घेऊन ढिगाने झाडं उभी चिरली आणि आतल्या जुन्या जखमांचं काय होतं ते बघत बसले, वर्षानुवर्षं. १९७७ मध्ये त्यांनी ते नीट मांडलं. झाड जखमेभोवती भिंती उभ्या करतं. वर-खाली जाणाऱ्या नळ्या बुजवतं, आतल्या बाजूला अडवतं, दोन्ही बाजूंना अडवतं, म्हणजे कुजणं तिथून पुढे पसरू नये. या तीन भिंती कच्च्या-पक्क्या असतात, कधी टिकतात कधी नाही. चौथी भिंत सगळ्यात मजबूत, आणि ती जखम झाल्यानंतर जे नवीन लाकूड येतं त्याच्या सीमेवर असते. जुन्याची दुरुस्ती होत नाही, त्याला तिथेच कोंडून झाड बाहेरच्या बाजूने पुढचं वर्ष वाढतं, मग त्याच्या पुढचं.

आमच्या आवारात एक करंज आहे. माझा भाऊ गेला त्या वर्षी त्याचीही एक फांदी कापली गेली, योगायोग, मी त्यात काही अर्थ शोधला नव्हता. पण सवयीने त्या काप्याच्या मापाचा दोरा कापून वहीत ठेवला. दरवर्षी त्याच महिन्यात नवीन दोरा. पहिल्या वर्षी चार बोटं. दुसऱ्या वर्षीही जवळजवळ चारच, फक्त कडेने एक गोल, गुळगुळीत वळी आलेली, खोडाच्या सालीपेक्षा फिकट. मग ती वळी दरवर्षी थोडी आत सरकायला लागली. सातव्या वर्षी मधे फक्त एक चीर राहिली, बेंबीसारखी. (हे बघा, "सारखी" आलंच. राहू दे.) आता बाहेरून कुणाला दाखवावं लागतं. पण ती फांदी कापली त्या दिवशीचा घाव आत तेवढाच आहे, चार बोटं. तो एक दोराभरही लहान झालेला नाही, खोड मोठं झालंय. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दोरे घेऊन पायरीवर बसले होते आणि बराच वेळ तिथून उठले नाही.

अजून एक, आणि हे कदाचित तुम्हाला आवडणार नाही. झाड उंच वाढतं ते टोकाला. खोड फक्त जाड होतं, वर सरकत नाही. खोडात खिळा ठोकला तर वीस वर्षांनी तो त्याच उंचीवर असतो. म्हणजे तुमच्या खिडकीसमोरची ती जागा तुमच्या खिडकीसमोरच राहणार. नजरेआड नाही जायची.

आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून एक बघाल का? फांदी जिथून निघत होती तिथे खोडाला एक फुगीर कडं असतं. कापताना ते ठेवलं असेल तर वळी चारी बाजूंनी छान गोल येते. खोडाला लागून सपाट कापलं असेल तर कडंही गेलं, घाव मोठा झाला, वेळ जास्त लागतो. आणि लांब खुंट ठेवला असेल तर तो खुंट कुजून पडेपर्यंत वळीला पुढे सरकायला वाटच नसते. अडीच वर्षांत काहीच हललं नाही असं तुम्ही म्हणता, पण कडेची साल बघितली नसेल तुम्ही, तुम्ही मधल्या पांढऱ्या भागाकडे बघताय. मीही दोन वर्षं तिकडेच बघत होते.

आणि त्या जागेवर कुणी डांबर किंवा रंग फासायला आलं तर फासू देऊ नका. पूर्वी सर्रास फासायचे, शिगोंनीच तपासून सांगितलं की त्याने कुजणं थांबत नाही, उलट आत ओल धरून राहू शकते. वरून नीटनेटकं दिसतं एवढंच. "आता विसर, स्वतःला कशात तरी गुंतव" म्हणणारे तुमच्याकडेही येत असतील, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

झोप, जेवण नीट आहे ना? ते बिघडलेलं असेल आणि बरेच दिवस असंच चालू असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, वहीने ते काम होत नाही. बाकी, दोऱ्याचं रीळ घरात असेलच.

प्रश्न: मावशी, मी २१ वर्षांची. एका व्हिडिओत बघितलं की जंगलात जमिनीखाली बुरशीचं जाळं असतं आणि "आई झाड" त्यातून आपल्या पिल्लांना अन्न पाठवतं. मी अक्षरशः रडले. मग एका मित्राने सांगितलं की हे सगळं फेक आहे. आता झाडाकडे बघितलं की फसल्यासारखं वाटतं.

उत्तर: फेक नाही ग, फुगवलेलं आहे, दोन्हीत फरक आहे. झाडांच्या मुळांना बुरशी लागलेली असते आणि दोघांत देवाणघेवाण चालते, झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि खनिजं आणून देते, हे पक्कं आहे. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात बर्च आणि डग्लस फर यांच्यावर प्रयोग करून "नेचर"मध्ये छापलं की खुणेचा कार्बन (म्हणजे कुठे गेला ते ओळखता यावं असा) एका झाडातून दुसऱ्यात पोचला. इथवर ठीक. पण "आई ओळखून पिल्लालाच देते", "धोक्याचा मेसेज पाठवते" हे प्रत्यक्ष जंगलात कितपत दाखवता आलंय, यावर २०२३ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी सगळे जुने पेपर परत तपासले आणि म्हणाले, पुरावा आहे त्यापेक्षा आपण फार पुढे जाऊन बोलतोय. आता गंमत ऐक, त्या तिघांपैकी एक, मेलनी जोन्स, १९९७ च्या त्या पेपरच्या सहलेखिकाच होत्या. स्वतःच ज्यात हात घातला होता ते सव्वीस वर्षांनी परत उघडून "थांबा, आपण जास्त बोललो का?" असं विचारायचं. मला आई झाडापेक्षा हे जास्त हलवून गेलं, पण मी म्हातारी आहे.

तुझं रडणं मात्र फेक नव्हतं. न मागता कुणीतरी कुणालातरी देतंय हे बघून तू रडलीस. ते झाडात असेल-नसेल, तुझ्यात कुठून आलं? ते व्हिडिओवाल्याला नाही माहीत, तुझ्या मित्रालाही नाही. होस्टेलवर असतेस का? फोन कर घरी.

प्रश्न: वय ६१. रिटायर होऊन आठ महिने झाले. अजून सकाळी साडेआठला हात बॅगेकडे जातो. बायको म्हणते, पिकलं पान कसं अलगद सुटतं बघा, तसं सोडून द्या आता. प्रयत्न करतो पण सुटत नाही.

उत्तर: सुटत नाही कारण पानसुद्धा तसं अलगद सुटत नाही. आपल्याला शेवटचा अर्धा सेकंद दिसतो फक्त. बदामाचं झाड बघा, ते मोठ्या पानांचं, गळायच्या आधी पानं लाल होतात. त्या दिवसांत झाड त्या पानातला हिशोब मिटवत असतं. नायट्रोजन, फॉस्फरस, जे जे परत कामाला येईल ते काढून फांदीत आणायचं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, तिथली जोडणी सैल करायची. पान पडायच्या जागी बूच धरल्यागत थर आणून ती बंद करायची. हे सगळं झाल्यावर वारा येतो आणि श्रेय घेऊन जातो.

आणि खाली पडलेलं पान नाही, ते जिथून पडलं ती जागा बघा. फांदीवर एक छोटा व्रण असतो, नीट बघितलं तर त्यात ठिपके, नळ्या तुटल्याच्या खुणा. त्याच्या बरोब्बर वर एक कळी बसलेली असते. ती पान गेल्यावर आलेली नाही, पान असतानाच बगलेत तयार झालेली.

आता तुमच्या बॅगेचं. वादळात एखादी फांदी मोडून अर्धवट लटकली असेल तर तिच्यावरची पानं बघा. तपकिरी होतात, कुरकुरीत होतात, पण पडत नाहीत, महिनोन्महिने चिकटून राहतात. पान सोडणं हे जिवंत फांदीचं काम आहे, मेलेल्या फांदीला ते जमतच नाही. तुम्हाला नोकरी एका तारखेला संपली, पार्टी झाली, शाल-श्रीफळ झालं, आणि सगळ्यांना वाटलं झालं. आतलं काढून आणायचं राहिलंच की. छत्तीस-अडतीस वर्षांत जे शिकलात, ज्यांच्यावर चिडलात, जे चुकलं, ते काढा एकेक, लिहा नाहीतर बायकोला सांगा (तिनेच विषय काढलाय). आणि बॅग साडेआठला उचलावीशी वाटली तर उचला, वही घाला त्यात आणि बदामाखाली जा. हाताला सवय आहे तर हाताशी कशाला भांडायचं.

प्रश्न: गेली सहा वर्षं आपला कॉलम नियमित वाचतो. आपण "जणू" वापरायला बंदी घातलीत, छान. परंतु त्याच लेखात, पहिल्याच परिच्छेदात, आपण लिहिलं आहे की "झाड म्हणजे जणू ध्यानस्थ ऋषीच". नियम फक्त वाचकांना आहे काय?

उत्तर: सापडले. अंक काढून बघितला, चौथी ओळ. आणि तुमचं म्हणणं फक्त शब्दापुरतं नाही तर पूर्णच बरोबर आहे, कारण तो ऋषी झाडात नव्हता, तो मी घरून नेला होता. त्या दिवशी मला स्वतःलाच शांत बसायचं होतं आणि जमत नव्हतं, म्हणून झाडाला बसवलं. झाडात काय चाललं होतं? भर दुपारी मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी ओढलं जात होतं, सालीच्या आत जिवंत पेशींचा एक पातळ थर आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल घालत होता, कुठेतरी बुरशीशी मारामारी. ध्यानबिन काही नाही.

याच अंकात वर मीही दोरे, बॅगा, पक्षी असं बरंच जोडलंय, ते तुम्ही पुढच्या पत्रात मोजून पाठवणार हे माहीत आहे मला. माझी पळवाट ऐका. एक उपमा आपण खिशात घालून झाडाकडे नेतो, आणि एक तिथे वर्षानुवर्षं दोरे मोजल्यावर नको म्हणताना अंगावर येते. पहिलीने आपण झाड बघत नाही आणि स्वतःलाही बघत नाही, दुसरीचं मला अजून काही ठरवता आलेलं नाही. बंदी पहिलीसाठी होती. पण लिहिताना दोन्ही एकसारख्याच दिसतात, म्हणून सरसकट "जणू" बंद, आणि हो, मलाही.

काल संध्याकाळी रेन ट्रीखाली बसून लिहिलेल्या माझ्या तीन ओळी देते, तपासून घ्या.

सहा पस्तीस. खालच्या फांद्यांची पानं मिटली, शेंड्याची अजून उघडी.

मोडक्या फांदीवर तपकिरी पानं, मागच्या बुधवारी होती तेवढीच, एकोणीस.

वहीवर एक मुंगळा आला, समासापर्यंत गेला, थांबला, परत फिरला.